जाऊन राहिले

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कोटी म्हणायचं राहिलं!

'चौदाशे कोटी वर्षांपूर्वी विश्व सुरू झालं' म्हणायचं होतं. माईकवर म्हणालो, 'चौदाशे वर्षांपूर्वी'. आत काळोख, साठ-एक पोरं मांडीला मांडी लावून बसलेली. आधी त्यांच्या बाई हसल्या. मग एक पोरगं ओरडलं, "सर, म्हणजे बुद्ध विश्वाच्या आधीच होऊन गेले का?" — आणि सगळा फुगा हसायला लागला.

मी कुठला सर! सातवीत शाळा सोडली. माझं काम फुग्याचं. शाळेच्या हॉलात काळं कापड पसरायचं, मोठा पंखा लावायचा, कापड फुगून घुमट झाला की पोरांना चपला काढायला लावून बोगद्यातून रांगत आत सोडायचं. पुढचं मशीन करतं. वर तारे फिरतात आणि रेकॉर्डमधली ताई गोड आवाजात सांगते — विश्व कसं झालं, तारे कसे पेटले, पृथ्वीवर जीव कसा आला. आज ताईचा आवाजच गेला. रविंद्रभाऊ बाहेर हेडमास्तरांबरोबर चहा पीत होते. गप्प बसायचं होतं मी. नाही बसलो. माईक उचलला.

खापरखेड्याहून येताना रविंद्रभाऊ गाडीत म्हणाले, "अबे, एखादा शून्य खाल्ला असता तर समजलो असतो. तू सातच्या सात खाऊन टाकले!" फुगा त्यांचा, गाडी त्यांची. हसणारच. मी बी हसलो. कान अजून तापलेत.

२१ नोव्हेंबर

आईचा फोन. "आभाळ दाखवतोस म्हंजे काय रं? आभाळ बघाय माणसं तुझ्याकडं कशाला येतील? मान वर केली की झालं." तिचं खरंच आहे. मग म्हणाली, "आजऱ्यात न्हाई टिकलास, कोल्हापुरात न्हाई, गोव्यात न्हाई. तितं तरी टिक."

हो म्हणालो. हो म्हणायला मला काही लागत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

नागपुरातली, तांडापेठेतली खोली बरी आहे. मालक रामाजी — म्हातारे, आयुष्यभर हातमागावर बसले, आधी उमरेडला, मग इथं. आता माग खालच्या खोलीत धूळ खात उभा आहे, त्यावर काकू पापड वाळवतात. काकूंचं नाव कौसल्या. पोरगा रायपूरला असतो.

इथली बोली अजून जिभेवर बसत नाही. मले, तुले, काहून. आणि सगळ्याला ते एक शेपूट — 'राहिला'. जेवून राहिलो. पाणी येऊन राहिलं. गाडी जाऊन राहिली. पहिल्या आठवड्यात खानावळीत "भात संपून राहिला" म्हणाले. मला वाटलं, संपला तरी राहिला कसा? विचारलं तर पोरं हसली. तेव्हापासून कुणाला विचारत नाही. आपणच हिशेब लावला — शेपूट सोडून द्यायचं, उरेल तो अर्थ. येऊन राहिला म्हणजे आला. संपून राहिला म्हणजे संपला. चाललंय व्यवस्थित!

२८ नोव्हेंबर

रामाजीबाबांना माझ्या कामाचं भारी वेड. संध्याकाळी पायरीवर बसवून घेतात.

"काहून गा, गोविंदा, थे धमाका झाला म्हंते तुमची मशीन. कोठी झाला?"

"वर," मी म्हणालो.

"पण वरखाली तं नंतर आलं न! जागाच नव्हती म्हंते, मंग कोठी झाला?"

मी म्हणालो, धूर होता आधी.

"कायचा धूर?"

मला काय माहीत कशाचा! तोंडाला आलं ते बोललो. बाबा हसले नाहीत, हेच लागलं. गंभीर होऊन विचार करत बसले माझ्या धुराचा. म्हणाले, "कापड विनाच्या आधी ताणा लावा लागते. उभं सूत नसन तं धोटा कायच्यात फिरन? ताणा कोणं लावला, थे सांग."

काकू आतून, "पोराले जेवू द्याल का नाही? ब्रह्मांड पळून नाही जाऊन राहिलं!"

बाबांना फुग्यात बसून ते सगळं बघायचंय. 'नेतो' म्हणालो.

५ डिसेंबर, गुरुवार

नेलं नाही. गुडघे दुखतात त्यांचे, बोगद्यातून रांगता यायचं नाही. पण ते कारण नाही खरं. खरं कारण — आत बसले आणि पोरांसमोर मला काही विचारलं तर? 'पुढच्या रविवारी' म्हणालो. "तुह्या रविवारची वाट पाहून राहिलो," बाबा म्हणाले. मी शेपूट सोडलं. वाट पाहिली. संपलं.

११ डिसेंबर

रविंद्रभाऊंना लग्नाला अमरावतीला जायचंय. परवाचा शो मी एकट्यानं करायचा! शाळा मोठी आहे, इंदोऱ्यात, आपल्या घरापासून दहा मिनिटं. गाडीही माझ्याकडे. "कोटी विसरजो नको," एवढंच म्हणाले.

घरी सांगितलं. काकूंनी साखर ठेवली हातावर. बाबा म्हणाले, "आज पोरगा मास्तर झाला."

१३ डिसेंबर

काय झालं हे. लिहवत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहितो. नाही लिहिलं तर उद्या मी मलाच वेगळं सांगेन.

दुसरा शो चालू होता. आत पोरं, शिक्षक, शाळेचे कुणी पाहुणेसुद्धा. ताईला मीच बंद केलं होतं आणि स्वतः बोलत होतो. चौदाशे कोटी बरोबर म्हणालो! सूर्य पेटला, पृथ्वी निवली, समुद्रात पहिला जीव आला — एकदाही अडखळलो नाही. पोरं "वाऽऽ" करत होती. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. काकू.

हात आडवा धरून हळूच बोललो.

"गोविंदा, हे जाऊन राहिले गा! गाडी घेऊन ये गा लवकर!"

बाबा गेले. सकाळी तर दात घासत होते.

"आलो काकू," म्हणालो.

आणि आलो नाही.

म्हटलं, गेलेत ते गेलेत. गाडी घाटावर न्यायला लागणार. नातेवाईक जमणार, पोरगा रायपूरहून निघणार, आज दुपार जाईलच. मग अर्धा शो सोडून कशाला पळायचं? एवढी पोरं काळोखात बसलेली. हे सगळं तिथल्या तिथं मनात आलं, आणि मला पटलं. शो पुरा केला. वर दूरचे तारे लागले तेव्हा डोळे भरून आले. एका मुलीनं विचारलं, "सर, तारा मेला हे आपल्याला कसं कळते?" मी म्हणालो, "लगेच कळत नाही. त्याचा उजेड येतच राहतो." टाळ्या पडल्या. तेव्हा मला — कसं लिहू — बरं वाटलं. बाबांसाठी रडत होतो आणि टाळ्या बऱ्या वाटत होत्या.

फुगा शिपायावर सोपवला. चौकात थांबून हार घेतला. झेंडूचा, जाड. फुलवाल्याला घाई नव्हती, मलाही नव्हती.

गल्लीत शिरलो तर दारात ऑटो. चार माणसं बाबांना खुर्चीवर उचलून आणत होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मग हाराकडे.

हार माझ्या दोन्ही हातात होता. लपवायला जागा नव्हती.

काकू म्हणाल्या, "तू आलो म्हणाला. म्हणून मी थांबली."

मी म्हणालो, "काकू, तुम्ही म्हणालात गेले —"

"मी जाऊन राहिले म्हणली! गेले कधी म्हणली?"

शेजारची बाई हाराकडे बघून तोंडाला पदर लावून आत गेली.

लकवा आहे. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, अजून लवकर आणायला पाहिजे होतं. काकूंनी मान हलवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायला पाहिजे होतं.

१५ डिसेंबर

उजव्या हातानं धोटा फेकायचे ते.

१७ डिसेंबर, मंगळवार

खोलीवर जात नाही. गाडीत फुग्याच्या घडीवर झोपतो.

रविंद्रभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी स्टिअरिंगवर दोनदा बोटं वाजवली. मग म्हणाले, "अबे, 'राहिला' म्हणजे चालू आहे. संपलं नाही. मी जेवून राहिलो म्हणजे घास तोंडात आहे. गाडी जाऊन राहिली म्हणजे पळ, सापडन. तू इतके दिवस काय समजत होता?"

"शेपूट."

"शेपूट नाही गा. जीवच थे आहे त्या बोलण्याचा."

मग त्यांनी मला समजावलं — तुझी चूक नाही, बोलीचा घोळ आहे, तिकडच्या कोणत्याही माणसाचा झाला असता. चांगलं वाटावं म्हणून म्हणाले. पण मी कधी विचारलंच नाही ना कुणाला! खानावळीत एकदा हसली पोरं, त्या लाजेपायी. तीन अक्षरांचा अर्थ विचारायला लाजलो आणि कुणाचा हात गेला.

आणि माझं 'आलो'? ते तर माझ्या बोलीतलं होतं. त्यात कसला घोळ?

१९ डिसेंबर

भात संपून राहिला — म्हणजे अजून होता. मी उपाशी उठलो होतो त्या दिवशी.

२२ डिसेंबर, रविवार

दवाखान्यात गेलो. वॉर्डाच्या दारापर्यंत. काकू चमच्यानं पेज भरवत होत्या, ती ओठाच्या कडेनं परत येत होती, त्या पुसत होत्या. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. एक नर्स म्हणाली, "कोणाकडे आले?" मी म्हणालो, "चुकून आलो."

हार अजून गाडीत आहे. वाळला. टाकता येत नाही — कुठं टाकू? देवळात चालणार नाही, उकिरड्यावर टाकायला हात होत नाही.

आईला फोन केला. परत येतो म्हणालो. ती म्हणाली, "का रं, तितं बी न्हाई टिकलास?" एवढंच. मी फोन ठेवला.

२४ डिसेंबर

इतवारीतून स्टेशनला जायला निघालो होतो. पिशवी भरून. मग आठवलं, खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. किल्ली द्यायला जावं लागणार म्हणून गेलो नाही. म्हणजे नागपुरातच राहिलो. असला माझा धीर.

२९ डिसेंबर, रविवार

रविंद्रभाऊ म्हणाले, "म्हाताऱ्याले घरी आणलं. तुले बोलावून राहिला." मी विचारलं, बोलावून राहिला म्हणजे? "म्हणजे आत्ता. या मिनिटाले. चाल!"

बाबा माच्यावर. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. काकूंनी चहा दिला. "घ्या," म्हणाल्या.

घ्या! परवापर्यंत 'घे गा', 'ये गा', 'खाय गा'. आता मी 'तुम्ही'. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांचं बोलणं जड झालंय, पण कळतं. मला जवळ बोलावलं. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, "हार कोठी आहे?"

मी दाराबाहेर गाडीकडे बोट केलं.

"सुकला का?"

"हो बाबा."

"मी नाही सुकलो." आणि एका बाजूनं हसले. दुसरी बाजू हसली नाही. मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. पुन्हा हाक आली. आत गेलो तर म्हणाले, "तुह्या रविवारची वाट पाहून राहिलो गा."

यावेळी शेपूट सोडलं नाही. अजून वाट बघतायत. अजून.

५ जानेवारी, रविवार

आज केलं.

समाजभवनाचा हॉल मिळाला. रांगायचा प्रश्नच ठेवला नाही — आधी बाबांचा माचा मधोमध ठेवला, मशीन उशाशी, आणि मग फुग्याचं कापड चारी बाजूंनी ओढून सगळ्यावर पसरलं. गल्लीतली माणसं बघत उभी होती. बाबांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत ते काळं कापड पडलं, आणि एकदम सगळे गप्प झाले. दिसत होतं ते तसंच दिसत होतं. पंख्याचं बटण दाबायचं राहून गेलं.

कापडाखालून आवाज आला, "अजून नाही गा!"

काय हसले लोक! काकूसुद्धा. मी पंखा लावला. कापड बाबांच्या नाकावरून उठलं, छातीवरून उठलं, वर वर गेलं, आणि घुमट झाला.

आत बाबा, काकू, रविंद्रभाऊ, मी. ताईला बंद केलं. म्हणालो, मी सांगतो. पण मशीन चालू करणार, तर बाबाच म्हणाले, "थांब. असंच ठेव." नुसता काळोख. पंख्याची घरघर. भर दुपार होती बाहेर.

"हे त्याच्या आधीचं न?"

"हो."

"याच्यात काय होतं?"

धूर जिभेच्या टोकावर आला होता. गिळला.

"मले माहीत नाही, बाबा."

मले! माझ्या तोंडून! काकूंनी काळोखात हं केलं.

"रविंद्रले?"

रविंद्रभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "मलेही नाही. अजून कोणालेच नाही, बाबाजी."

बाबांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरं. मले वाटलं, मी एकटाच राहिलो."

मग मशीन लावलं. उजेड फुटला, तारे पेटले. सगळं हळूहळू सांगितलं. आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार झालं हे सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून छातीवर ठेवला. "म्हणूनच जड झाला," म्हणाले. सूर्य आला. "हा जळून राहिला अजून?"

"जळून राहिला. अजून पाचशे कोटी वर्षं."

कोटी विसरलो नाही. शेपूटही विसरलो नाही.

परत माचा उचलताना माझं मनगट धरलं. तोंड कानाशी आणून म्हणाले, कापड सुरू व्हायच्या आधी वीतभर सूत मोकळं सोडतात, न विणलेलं. त्याला दशी म्हणतात. "थो काळोख म्हणजे दशी असन गा." मी म्हणालो, असेल बाबा. मला खरंच माहीत नाही.

काकू दारात म्हणाल्या, "जेवून जा तुम्ही." तुम्ही. जेवलो. खोलीतच झोपणार आज. ते क्षमा वगैरे काही नाही, हे मला कळतं. हात काही परत आला नाही. उद्या काकूंना विचारणार आहे, दवाखान्यात व्यायामाला न्यायचं ते कधी न्यायचं. 'आलो' म्हणणार नाही. गाडी दारात लावूनच सांगेन.

८ जानेवारी

बाबांना व्यायामाला नेलं. करंगळी हलली. हललीच!

११ जानेवारी, शनिवार

उमरेडला शो होता. फुगा अजून पुरता उभा राहिला नव्हता. काकूंचा फोन. "गोविंदा, हे गेले गा."

मी पंखा बंद केला. फोन कानाला धरून थांबलो, पुढच्या शब्दासाठी, त्या शेपटासाठी. मी कशासाठी थांबलोय ते काकूंना कळलं.

"नाही गा," म्हणाल्या. "नुसते गेले."